पुसलेले बाण

थोरलीच्या पोटदुखीवर औषध नव्हतं, कारण दुखणं पोटात नव्हतंच. ते समोरच्या मशीनवर बसून शिवत होतं. म्हणजे तिची धाकटी जाऊ.

दोघी एकाच घरात नांदत होत्या आणि एकाच शिलाईच्या दुकानात कामाला होत्या. थोरली तिथली जुनी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड बटन लावता येत नव्हतं; सुईत दोरा ओवायचा तर जीभ बाहेर काढायची. थोरलीनेच तिला हाताला धरून दुकानात आणलं, काज कसं करायचं, अस्तर कसं बसवायचं ते शिकवलं. आपल्या हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना. आता तीच मालकीणबाईंची लाडकी झाली होती. गुरूची विद्या गुरूलाच!

खरं तर हात चालायचा तो थोरलीचा. कात्री एकदा कापडाला लागली की टोकाला जाऊनच थांबायची. गिऱ्हाईक माप देत असतानाच तिच्या डोक्यात कोट कापून तयार असायचा. धाकटी मुळातच सावकाश, आणि त्यात तिने स्वतःला एक सवय लावून घेतली होती. कापायच्या आधी आणि शिवायच्या आधी ती कापडावरून तळहात फिरवायची, एकदा वर, एकदा खाली, आणि मग उलट्या बाजूला खडूने छोटासा बाण काढायची. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की मऊ लागते, दुसऱ्या बाजूने अडते. कोटाच्या एका भागाची लव वर आणि दुसऱ्याची खाली गेली, तर एकाच थानातला कोट अर्धा गडद आणि अर्धा फिका दिसतो. म्हणून बाण. ते ठीक आहे. पण ही बाई साध्या सुती कापडावरसुद्धा बाण काढायची.

"मांजर गोंजारतेस का कापड शिवतेस गं?" थोरली विचारायची. सगळं दुकान हसायचं. धाकटीही हसायची आणि पुढच्या तुकड्यावर हात ठेवायची.

मग एका हिरव्या कोटावर माशी शिंकली. थोरलीनेच कापलेला, थोरलीनेच शिवलेला. दुकानातल्या दिव्याखाली झकास दिसत होता. गिऱ्हाईक घालून बाहेर उन्हात गेलं आणि तसंच परत आलं. एक बाजू कोवळ्या पानासारखी, दुसरी शेवाळासारखी. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी मखमलीचं नवं थान उचललं, धाकटीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून पुढे लवेचं कापड हिच्याकडे." थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यातच मालकीणबाईंचा खांदा धरला. मोठी कात्री उचलवेना. बँडवाल्यांच्या मखमली कोटांचं मोठं काम आलं होतं. ते पुरं झालं की खिडकीजवळचं कापणीचं टेबल तुम्हा दोघींतल्या एकीला देणार, असं त्यांनी सांगून टाकलं. आता टेबल म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. आजवर या दोघी आपापलं कापायच्या; इथून पुढे टेबल जिचं, कात्री तिची आणि शब्दही तिचाच. बाकीच्यांनी तिने कापलेलं मुकाट शिवायचं. उद्या धाकटी कापणार आणि आपण खाली मान घालून ते शिवणार, हे मनात आलं की थोरलीच्या घशाखाली घास उतरेना.

"घरातल्या घरातच राहणार ना टेबल," नवरा म्हणाला. "तुला मिळालं काय, तिला मिळालं काय."

"तुमच्या धाकट्या भावाला बढती मिळाली तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात," ती म्हणाली. नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

जुनी म्हणून दुकानाची एक किल्ली थोरलीकडे असायची. एका सकाळी ती सगळ्यांच्या आधी दुकानात गेली. धाकटीने आदल्या दिवशी कापून ठेवलेल्या तुकड्यांचा गठ्ठा उघडला. डावा तळहात खालून लवेला, तुकडा त्यावर पसरलेला, उजव्या हातात ओली चिंधी. एकेक बाण पुसला आणि गठ्ठा होता तसा बांधून ठेवला. बस आता गोंजारत. एक ना एक तुकडा उलटा लागणारच, आणि मग बँडवाले अर्धे काळे, अर्धे लाल होऊन वाजवत फिरतील.

धाकटी आली. गठ्ठा सोडला, थबकली. मग पहिल्या तुकड्यावर हात ठेवला, वर, खाली, आणि नवा बाण काढला.

"खडू हलका निघालाय वाटतं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

"हल्ली सगळंच हलकं मिळतं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पुन्हा पुसले. धाकटीने पुन्हा काढले. मग हे रोजचंच झालं. धाकटीचा हात काही चुकला नाही, पण सकाळचा वेळ सगळा बाणांत जायला लागला आणि तिची शिलाई मागे पडली. थोरलीला तेवढंही पुष्कळ होतं. पूर्वी जिला अंथरुणातून ओढून काढावं लागायचं, ती आता आपणहून उठायची, चहाही न घेता बाहेर पडायची. जळफळाट माणसाला गजरापेक्षा लवकर उठवतो.

असेच आठवडे गेले आणि भलतंच झालं. काम जास्त म्हणून मालकीणबाईंनी काही कोट नाइलाजाने थोरलीकडेही दिले होते. ती नेहमीच्या वेगाने कापायला निघाली आणि तिचा डावा हात कापडाखाली गेला. आपोआप. कुणी सांगितलं नव्हतं. तळव्याला लव अडली. थान उलटं पसरलं गेलं होतं. तिने ते फिरवून घेतलं, कोट कापला, तो एकसारखा लालभडक झाला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी तिला रडू आलं. हात आपला, कात्री आपली, आणि सवय मेली त्या धाकटीची! तिने मुद्दाम पुढच्या कापडावर हात ठेवायचा नाही असं ठरवलं. हात ऐकेना. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती कुणाकडून आली हे हाताला ठाऊक नसतं. त्या कामात थोरलीचा एकही तुकडा उलटा गेला नाही, आणि वेग तर तिचा होताच.

बँडवाले कोट घेऊन गेले त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी दोघींना टेबलापाशी बोलावलं. त्या दुकानाच्या वरच राहायच्या. जिन्यावरून दुकानातलं सगळं दिसायचं.

"टेबल थोरलीला," त्या म्हणाल्या. "मी रोज बघत होते. सगळ्यांच्या आधी येते, एकेक तुकडा हातावर घेऊन तपासते. तेही स्वतःचे नाहीत, जावेचे. दुसऱ्याच्या कामाची एवढी काळजी कोण करतं आजकाल?"

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने चोरून धाकटीकडे पाहिलं. धाकटी आपली कातरणं गोळा करत होती.

"खरंच," धाकटी म्हणाली. "जाऊबाई फार काळजी करतात माझी."

दोघी घरी निघाल्या. वाटेत थोरलीलाच राहवेना.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. तुमच्या बाहीला खडू लागलेला असायचा. घरातले कपडे धुतं कोण, जाऊबाई?"

"मग बोलली का नाहीस? मालकीणबाईंना सांगितलं असतंस तर टेबल तुझं होतं."

आता ही म्हणेल, तुमचा मान राखला, तुम्ही मला शिकवलंत, घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला. थोरली त्याचीच वाट बघत होती. तसलं काही ऐकावं लागलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ही चांगुलपणातही आपल्या पुढे.

पण धाकटी रस्त्यातच थांबली.

"मला वाटलं, टेबल मलाच मिळणार," ती म्हणाली. "तुम्ही पुसा, मी काढते. कितीही पुसलंत तरी माझा हात चुकत नाही, हे तुम्हाला रोज दिसत होतं. ते बघायला मला बरं वाटायचं." तिचा आवाज चिरकला. "आणि शिकलात मात्र तुम्ही. माझ्याच तुकड्यांवर शिकलात."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळे कोरडे. हे तोंड थोरलीला चांगलं ओळखू आलं. इतके महिने ती स्वतः तेच घेऊन फिरत होती. तिला दया यायला हवी होती. आली नाही. हलकं हलकं वाटलं, आणि पुढचा सगळा रस्ता ती झपाझपा चालली. रात्री तिने दोन घास जास्त खाल्ले. टेबल मिळाल्यावर पहिल्यांदा काय कापायचं, ते नवऱ्याला दोनदा सांगितलं. धाकटी वाढत होती.

टेबलावर बसल्यापासून थोरली स्वतः कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर बाण काढायला लागली. कापणाऱ्या बाईला ते करावंच लागतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

मग एका सकाळी ती सवयीने लवकर उठली, तर खुंटीवर किल्ली नव्हती. तशीच दुकानाकडे धावली. दार उघडं, दिवा लागलेला. धाकटी कापणीच्या टेबलापाशी उभी होती. थोरलीने आदल्या दिवशी कापलेला गठ्ठा सोडलेला होता आणि एक तुकडा धाकटीच्या तळहातावर पसरलेला होता.

"काय करतेस गं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. तुकडा तिने नीट घडी करून गठ्ठ्यावर ठेवला. "तुमची काळजी."

ती जाऊन आपल्या मशीनवर बसली. थोरलीने एकेक तुकडा उलटून पाहिला. सगळे बाण जागच्या जागी होते. तिने पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली.