सुपारी कुणाकडे घरंगळली

मीनाचा फोन आला तेव्हा मी गालाला साबण लावून आरशापुढे उभा होतो. "मामा, आई गेली... झोपेतच." मग रडू आवरत ती म्हणाली, "अगदी सरळ झोपली होती हो." आईच्या मरणाची बातमी देताना लेकीने हे सांगावं, याचं दुसऱ्या कुणाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. सुमनताई, माझी थोरली बहीण, शेवटपर्यंत ताठ चालली याचा आमच्या घराला फार अभिमान होता. हैदराबादेत, मलकपेठेतल्या शोकसभेतही तोच विषय निघाला. ताईने जामबागेतल्या शाळेत ज्यांना मराठी शिकवलं, ते आता आजोबा झालेले विद्यार्थी भरभरून बोलले आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बहिणीची उंची कमी होतेय हे बाबूरावांनी वेळेवर ओळखलं, म्हणून बाईंची पाठ वाचली." मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने. पण ते श्रेय माझं नव्हतंच, आणि आता हे एकदाचं लिहूनच टाकतो.

आमच्याकडे भाऊबीजेला ओवाळून झालं की आणखी एक कार्यक्रम असे. ताई आणि मी पाठीला पाठ लावून उभे राहायचो. आई तबक रिकामं करून आमच्या दोघांच्या डोक्यांवर आडवं धरायची आणि मधोमध सुपारी ठेवायची. सुपारी ज्याच्याकडे घरंगळेल तो बुटका. त्याने सुलतान बाजारात जाऊन सगळ्यांसाठी उस्मानिया बिस्किटं आणायची. ताई माझ्याहून मोठी आणि उंचही. मुलगे उशिरा वाढतात असं सगळे मला धीर देत. मी वाढलो, पण पुरेसा नाही. छप्पन साली जुनं हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं, काका आणि आत्या मराठवाड्यात गेले आणि वडील नोकरीमुळे इथेच राहिले. त्या दिवाळीला घर अर्धं रिकामं होतं, कुणी फारसं बोलत नव्हतं, तरी आईने तबक आणलंच. सुपारी माझ्याकडे आली. "राज्य बदललं, पण बाबू आहे तेवढाच आहे," ताई म्हणाली, आणि बरेच दिवस गप्प असलेले वडील मोठ्याने हसले. पुढे आमची लग्नं झाली, आई गेली, तबक धरायचं काम ताईच्या लेकीकडे, मीनाकडे आलं. बिस्किटं मात्र मीच आणत राहिलो.

सत्तरी उलटल्यावर एका भाऊबीजेला सुपारी मधेच थबकली, विचारात पडल्यासारखी... आणि ताईकडे गेली. "मीने, परत ठेव, तबक वाकडं धरलंस," ताई ओरडली. पुन्हा तिच्याकडेच. मी अक्षरशः नाचलो. गल्लीत पेढे वाटले. जन्मभर हरलेल्या माणसाचा तो आनंद होता, त्यात विचार कुठून असणार? पुढच्या वर्षी सुपारी आणखी वेगाने तिकडे गेली. ताई म्हणाली, "पाठ फार दुखते रे हल्ली, बसवत नाही." मी म्हणालो, "ते हरल्याचं दुखणं आहे. बिस्किटं घेऊन ये, उतरेल." ती हसली आणि कमरेवर हात ठेवून सुलतान बाजारच्या गर्दीत खरोखरच गेली. तिने आणलेली बिस्किटं मी चहात बुडवून चवीने खाल्ली. इतकी वर्षं झाली, ती बिस्किटं अजून घशाखाली उतरलेली नाहीत.

ओळखलं ते मीनाने. तेलंगण वेगळं होण्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. ताईच्या साड्यांचे काठ खालून झिजताहेत हे तिच्या लक्षात आलं. ताई निऱ्या नेहमीसारख्याच खोचत होती, तरी साडी जमिनीवर लोळत होती. "आई, साडी वाढत नसते. तू कमी होते आहेस," असं म्हणून तिने हाडांच्या तपासणीची वेळ घेतली. त्या दिवशी शहरात बंदची हूल उठली होती. "अम्मा, जल्दी बैठो, रस्ते बंद होते!" म्हणत ऑटोवाल्याने आम्हाला कोंबलं. घरी कंटाळा येतो म्हणून मी सोबत गेलो होतो आणि वाटेत, बायकांना तपासण्यांची हौसच असते, असंही बोलून घेतलं.

आपल्याला कुठल्या बोगद्यात घालतात की काय याची ताईला धास्ती होती. तसं काही नव्हतं. साध्या पलंगावर झोपायचं आणि वरून यंत्राचा हात सावकाश सरकतो. आधी हाडं किती भरीव आहेत ते मोजलं, मग कुशीवर वळवून मणक्यांचं चित्र काढलं. अंगावर धातू नको म्हणून बांगड्या उतरल्या, साखळी उतरली, मग एकेक सेफ्टी पिन निघू लागली. "और पिनां हैं क्या अम्मा?" तंत्रज्ञ मुलीने हात टेकले. "शाळेतली बाई आहे मी, पिना संपत नसतात," ताई म्हणाली. निकालाचा आकडा उणे निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. "पन्नास वर्षं दुसऱ्यांना नापास केलं, आज माझा नंबर," ती म्हणाली. पण चित्रात दोन मणके पुढच्या बाजूने दबलेले दिसत होते. ते न पडताच मोडले होते. अशी हाडं पाण्याची बादली उचलतानाही मोडू शकतात, आणि एक मोडला की पुढचा मोडायचा धोका वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मग त्यांनी विचारलं, "अम्मा, हाइट कम होरी करके किसने देखा?"

मला एकदम सुपारी दिसली. पेढे दिसले. "मेरा भाई," ताई म्हणाली. "हर साल नापता." डॉक्टरीणबाईंनी उठून माझा हात हातात घेतला. मीनाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. आजवर गप्पच आहे. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, असं का सांगितलंस?" "मग काय सांगू? भावाने पेढे वाटले? त्यांनी तुलाच आधी दाखल करून घेतलं असतं!" आणि तिथे पायरीवर बसून आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दबलेले मणके परत उंच होत नाहीत. पण औषधं, व्यायाम आणि मीनाची करडी नजर यांनी पुढचा एकही मोडू दिला नाही. दर भाऊबीजेला सुपारी ताईकडे जायची, पण तिचा वेग आता वाढत नव्हता. ती हरायची आणि टाळ्या वाजवायची, "बघ, तेवढीच आहे मी!" बिस्किटं अर्थात मीच आणायचो. गेल्या भाऊबीजेला मात्र सुपारी मधोमध थांबली... आणि माझ्याकडे आली. ताईने आधी विजयाची आरोळी ठोकली, मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "बाबू, पुरुषांचीही हाडं झिजतात. उद्याच्या उद्या जाऊन पाठ दाखव." मी हो म्हणालो आणि टाळलं.

परवा मीनाला घेऊन तपासणीला गेलो. तोच पलंग, तोच सरकणारा हात. डॉक्टर नवीन होते. उंची कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. "माझ्या बहिणीच्या," मी म्हणालो. "आणि तिची कमी झाली होती ती या मुलीने ओळखली. मी नाही." मीना म्हणाली, "मामा, त्यांनी ते कुठे विचारलंय?" पण ती हसत होती.

तिथून ताईच्या घरी गेलो. मीनाने तबक टेबलावर काढून ठेवलं होतं, त्यात ती जुनी सुपारी. मी खुर्ची ओढून बसलो, कोपराचा भार टेबलावर पडला, टेबल जरासं कललं आणि सुपारी घरंगळत सरळ माझ्या बाजूला आली.

"आणतो बाई, आणतो," मी म्हणालो आणि पिशवी घेऊन उठलो.