सैल स्टिअरिंग आणि मिस्त्रींचा हात

त्यांना सगळे नाडी मिस्त्री म्हणायचे, आणि हे नाव काही फुकटात मिळालेलं नव्हतं. कुणी जुनी गाडी घेऊन यायचा, डोकं खाजवत म्हणायचा, "मिस्त्री, स्टिअरिंग सैल वाटतंय हो." मिस्त्री हत्यारांच्या पेटीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आधी बायकोला हाक मारायचे.

"अगं, ये गं जरा!"

गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. तिथून काकू हात पुसत यायच्या. मिस्त्रींची बायको, पण साऱ्या गल्लीची काकूच. चपला बाहेर काढून गाडीत बसायच्या, दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचं घर म्हणून. मिस्त्री पाठीवर झोपून खाली सरकायचे. मग काकूंनी स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे, तान्ह्याचा पाळणा हलवावा तसं हलवत राहायचं, आणि मिस्त्रींनी खाली डोळे मिटून एकेका सांध्यावर पंजा ठेवत जायचं. वरचा हात हलला आणि खालचा सांधा अंमळ उशिरा हलला, की दुखणं तिथं. डोळे का मिटायचे? मिस्त्री म्हणायचे, "डोळे चहाडखोर असतात. नको ते आधी सांगतात."

बोलणं व्हायचं ते पान्यानं. खालून एक ठोका म्हणजे हलव, दोन म्हणजे थांब. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ही भाषा ठरली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या संसारातली निम्मी भांडणं याच भाषेत झाली. काकू रुसल्या की दोन ठोके पडले तरी हलवतच राहायच्या, आणि खाली मिस्त्रींचा पंजा चिमटायचा. मिस्त्री चिडले की उगाच ठोकत बसायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, केवढं काम चाललंय!

एकदा एक जावईबुवा आले. गाडी डावीकडे ओढते म्हणून तीन गॅरेजं पालथी घालून झालेली. मिस्त्रींनी सगळं चाचपलं, कुठं काही नाही. मग विचारलं, "डावीकडे कोण बसतं?" जावईबुवांनी इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, "सासूबाई." मिस्त्री म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. त्यांना मागं मधोमध बसवा, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका." काकू आत हसून हसून स्टिअरिंगवर आडव्या झाल्या, भोंगा वाजला, आणि जावईबुवा दचकून पळायच्या बेतात आले.

तर असा हा हात. आणि नेमका तोच हात हल्ली दगा द्यायला लागला होता.

सुरुवात कशी झाली ते मिस्त्रींनाही नीट सांगता आलं नसतं. सदऱ्याची गुंडी बोटांना सापडेना. चहाचा कढत पेला हातात धरून ते खुशाल गप्पा मारत बसले, आणि नंतर बघतात तर बोटावर फोड. बोटांवर कुणी जाड फडकं गुंडाळून ठेवावं, तसं झालं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काकूंना तर नाहीच. हात गेला तर नाडी मिस्त्रीत उरलं काय? नुसता मिस्त्री, आणि तसे पैशाला पासरी.

अशात नर्सबाईंची गाडी आली. नर्सबाई म्हणजे डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत फिरणारी बाई. जाड भिंगाचा चष्मा, मोठा आवाज, आणि गाडी अशी जुनी की दार लावताना तिची समजूत काढावी लागे.

"मिस्त्री, हिचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "कधी शहाण्यासारखी चालते, कधी स्टिअरिंग फिरवलं तरी हिला पत्ताच नाही. वर घाटात एका बाजूला दरी असते हो!"

मिस्त्री खाली गेले, चाचपलं, काही कळलं नाही. अंदाजानं एक बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा सांधा, बदलला. गाडी चार दिवसांत परत आली. मग त्यांनी स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सचा स्क्रू आवळून सैलपणा मारला. गाडी पुन्हा परत आली, आणि आता तर वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळही होईना. आधी नुसता ताप होता, त्यात खोकला आला. मिस्त्रींनी स्वतः चालवून बघितली. गॅरेजपुढचा रस्ता लोण्यासारखा, त्यावर गाडी सरळ चालली.

तिसऱ्यांदा नर्सबाई आल्या तेव्हा टेकल्याच स्टुलावर. "उद्या वर एका बाईचे दिवस भरतायत, जुळं आहे. जाणं भाग आहे. आज काय ते सांगा. ही जमत नसेल तर मी दुसरी गाडी बघते. तुमच्यावर राग नाही."

राग नाही म्हणाल्या, तेच मिस्त्रींना जास्त लागलं. ते गुमान खाली सरकले. काकू वर बसल्या. शेजारी पत्रेवाला डबे ठोकत होता, कानठळ्या बसत होत्या. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि एक ठोका दिला. पंजा पहिल्या सांध्यावर.

"हा ठीक आहे," ते ओरडले. दुसऱ्या सांध्यावर हात गेला. "हाही ठीक." तिसरा. "ठीक आहे गं, चालू दे."

थोड्या वेळानं गाडीच्या कडेला काकूंचा चेहरा आला, उलटा. त्या खाली वाकल्या होत्या आणि पत्रेवाला थांबल्याचं बघून अगदी हळू बोलत होत्या.

"अहो, पत्र्याच्या आवाजात ठोका ऐकूच आला नाही, मी केव्हाची हात मांडीवर ठेवून बसलेय. स्टिअरिंग हललंच नाहीये."

मिस्त्रींनी डोळे उघडले. वर गाडीचा काळा सांगाडा, बाजूला बायकोचं तोंड. कुठं जाणार?

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"थंडीपासून."

"मला वाटलंच. गुंड्या लावायच्या टाळून सदरे डोक्यातून घालताय. मी वाट बघत होते, सांगाल कधीतरी."

"काय सांगू? नाडी मिस्त्रीला नाडी कळेना?"

काकू उभ्या राहिल्या आणि नर्सबाईंना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, माझी कंबर धरली बसून बसून! या तुम्ही वर. मी जरा पाठ टेकते."

"गाडीखाली?" नर्सबाईंनी डोळे मोठे केले.

"तिथं गार असतं."

केस फडक्यात गुंडाळून काकू खाली गेल्या. मिस्त्री वर बसले. आपल्याच गॅरेजात पाहुण्यासारखं वाटत होतं. खालून एक ठोका आला. ते हलवू लागले.

"सावकाश! घुसळताय काय ताकासारखं?"

ते सावकाश झाले. बराच वेळ नुसती काकूंची पुटपुट. हा बरा, हा बरा, हा तर नवीनच बसवलाय उगाच. मग पुटपुट थांबली.

दोन ठोके. मग एक. मग पुन्हा दोन.

"अहो, तो गिअरबॉक्स सांगाड्याला जिथं बोल्टनं बसवलाय ना, तिथं माझं अर्धं बोट त्याच्यावर आणि अर्धं सांगाड्यावर आहे. दोघं एकत्र राहत नाहीयेत. तुम्ही हलवलं की तो आधी सरकतो."

मिस्त्री अंगात वारं भरल्यासारखे खाली उतरले. बॅटरी मारली, चिखल खरवडला. बोल्टच्या भोकाशी सांगाड्याला केसाएवढी चीर! सपाट रस्त्यावर ती मिटून बसायची, उभ्या गाडीत हलवलं तर बोटाला कळेल एवढीच सरकायची, खड्ड्यात चाक आपटलं की उघडायची आणि अख्खा गिअरबॉक्स जागचा हलायचा. म्हणून गाडी इथं शहाणी आणि डोंगरात वेडी. वरचा स्क्रू आवळून मिस्त्रींनी दुखणं पोटात असताना पट्टी कपाळाला बांधली होती.

पुढचं काम डोळ्यांचं आणि मनगटाचं, त्यात मिस्त्री कुणाला हार जाणारे नव्हते. गिअरबॉक्स उतरवला, चिरेवर जाड पट्टी ठेवून वेल्डिंग केलं, नवे बोल्ट घातले, आवळलेला स्क्रू पूर्ववत केला. उन्हं कलायच्या आत नर्सबाई गाडी घेऊन खाणीकडच्या फुटक्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारून आल्या.

"सुतासारखी सरळ!" त्या उतरता उतरता म्हणाल्या. "सापडलं कुणाला पण?"

"यांनाच की," काकू म्हणाल्या.

"हिला," मिस्त्री त्याच वेळी म्हणाले. आणि तोंड उघडलंच होतं, तर बाकीचंही सांगून टाकलं. गुंडी, पेला, फोड, सगळं.

नर्सबाईंनी चष्मा वर सारला. मिस्त्रींना स्टुलावर बसवलं. "डोळे मिटा. मी बोट लावीन तिथं सांगायचं. आणि ठीक आहे, ठीक आहे करायचं नाही, मी बहिरी नाही. इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

काकू शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक 'नाही'ला त्यांचा श्वास तेवढा वाजत होता.

"इथं?"

"काहीतरी आहे. लांबून."

"आणि इथं?" नर्सबाईंनी मनगट दाबलं.

"इथं चांगलं कळतंय."

"मग अजून फार उशीर नाही झालेला. साखर तपासायची, बाकी मोठे डॉक्टर बघतील. सकाळी दवाखान्यात यायचं, उपाशीपोटी. मी निघायच्या आधी चिठ्ठी ठेवून जाते."

"सकाळी दोन गाड्या आहेत," मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले. "परवा बघू."

काकूंनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "उद्याच. आणि मी अस्सं धरून नेणार. बोटाला धरलं तर वाटेत सटकाल, आणि वर म्हणाल, सुटलेलं कळलंच नाही."