एकाच जागेसाठी आम्ही दोघं

कंपनी जाणार हे मला कळलं ते दोन अनोळखी माणसांमुळे. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. त्या दोघांनी आधी आमच्या मोठ्या छपाई मशीनची लांबी-उंची टेपनं मोजली, कागदावर लिहून घेतली, आणि मग शटरपाशी जाऊन शटरची रुंदी मोजली. मी डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी आमच्या मॅनेजर सरांना विचारलं, तर म्हणाले, "मशीनला रंग द्यायचाय, मॅडम. त्यासाठी आले होते."

रंग द्यायला दाराची रुंदी कशाला लागते?

कुंभिवलीजवळ हायवेला लागून आमची कंपनी होती. बिस्किटं, वेफर, चहापावडर असल्या गोष्टींची वेष्टनं छापायची. मी तिथं चौदा वर्षं क्वालिटीला होते. रोल सुटला की तुकडा कापायचा, उजेडात धरायचा, भिंगातून बघायचा. लाल रंग पिवळ्यावरून केसभर सरकला असला तरी माल थांबवायचा. माझा स्वभाव मुळातच संशयी की त्या कामानं तसा झाला, ते मला सांगता येणार नाही. माझा नवरा म्हणतो, मुळातच. तो कर्जतला रिक्षा चालवतो आणि त्याचा जगावर विश्वास आहे.

"सर सांगतायत ना रंग द्यायचाय म्हणून? मग रंगच असंल," तो म्हणाला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या मानसांच्या हातात रंगाचा डबा व्हता का गं?"

"नव्हता."

"मंग दुसरं काम बग."

त्या घरात माझ्यासारखा विचार करणारं तेवढं एकच माणूस होतं.

चार दिवसांनी अर्धी रजा टाकली. सरांना सांगितलं, रेशनकार्डाचं काम आहे. खालापूरला सरकारी कचेऱ्यांच्या समोर झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यातल्या एकात बायोडाटा करून घ्यायला बसले. शेवटचा बायोडाटा चौदा वर्षांपूर्वी हातानं लिहिला होता. दुकानदारानं टाइप करता करता कंपनीचं नाव वाचलं आणि हसला.

"ताई, तुमच्या कंपनीतनं या आठवड्यात तुमी चौथ्या."

मी लगेच विचारलं, "कोण कोण आलं होतं?"

"ते नाय सांगायचं. उद्या कोणी तुमचं विचारलं तर मी सांगू का?"

बरोबर होतं त्याचं. पण मग माझा फॉर्मॅट बघून त्याला दया आली असावी. त्यानं एक छापलेला कागद काढला, नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "हे असं करू. काल एका साहेबांचा केला, बगा किती भारी दिसतो."

मी तो कागद वाचला. पहिल्याच ओळीत क्वालिटीबद्दल एक इंग्रजी वाक्य होतं. आमचे सर प्रत्येक रिपोर्टखाली तेच लिहायचे, आणि त्यातल्या एका शब्दाचं स्पेलिंग कायम चुकवायचे. त्यांना ते सांगायचं धाडस मला कधी झालं नव्हतं. इथंही तेच वाक्य होतं आणि तीच चूक. अंगठ्याखाली कोणाचं नाव आहे ते मला बघायची गरज उरली नाही.

सोमवारी सकाळी सरांनी सगळ्यांना मशीनपाशी गोळा केलं. "अफवांवर विश्वास ठेवू नका. कंपनी कुठंही जात नाही. आपापलं काम करा." कामगार माना हलवत होते. मी सरांकडे न बघता त्या माना बघत होते. यातले तिघं, म्हणजे सर धरून तिघं, त्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलेत. मान जरा जास्तच जोरात हलवणारा तो असेल का? की अजिबात न हलवणारा? त्या दिवसापासून मी कोणाशी मोकळं बोलले नाही. डबासुद्धा एकटीनं खायला लागले. कोणी विचारलं, "काय मॅडम, नवीन काही कळलं का?" की मला वाटायचं, हा आपल्याकडून माहिती काढून घेतोय.

नोकरी शोधणं म्हणजे दुसरा संशयाचा कारखाना. फोनवर गोड आवाजाच्या मुली यायच्या, "मॅडम, तुमची निवड झालीय" म्हणायच्या आणि मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणायच्या. अर्ज कुठं केला होता, असं मी उलट विचारलं की फोन बंद. म्हणून खालापूरच्या पुढं हायवेलगतच्या एका मोठ्या गोदामाची जाहिरात मोबाइलवर दिसली, तेव्हा अर्ज करण्याआधी रविवारी नवऱ्याच्या रिक्षात बसून ते गोदाम खरंच आहे का ते बघून आले. वॉचमनला विचारलं, इथं किती माणसं कामाला आहेत, पगार वेळेवर होतो का, बायका आहेत का. तो म्हणाला, "ताई, तुमी पोलिसातल्या का?"

ऑनलाइन मागवलेला माल लोक परत पाठवतात, तो तिथं यायचा. परत आलेलं खोकं उघडायचं, वस्तू तपासायची, ग्राहकाची तक्रार खरी की खोटी ते ठरवायचं. त्या विभागाला एक प्रमुख हवा होता. छपाईशी संबंध नाही, कॉम्प्युटर शिकावा लागणार, चाळिशी ओलांडलेली मी. तरी मुलाखतीला बोलावणं आलं.

बाहेर सहा खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर मांडीवर फाइल घेऊन आमचे सर बसले होते.

मला बघून त्यांनी फाइल उलटी केली. मग ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं?"

"भावाच्या मुलासाठी चौकशी करायला आले, सर. तुम्ही?"

"मी मेहुण्यासाठी."

एवढ्यात आतल्या मुलीनं माझं नाव पुकारलं, आडनावासकट. मी उठले. सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असावा. त्यानं बायोडाटा बाजूला ठेवला आणि बुटांचं एक खोकं माझ्यापुढं सरकवलं. "ग्राहक म्हणतो, घातलेच नाहीत, फाटकेच आले. काय वाटतं?" बूट वरून चकचकीत होते. मी उलटे केले. तळव्याच्या खाचा पुसलेल्या होत्या, पण एका खाचेत लाल मातीचा कण होता. आतलं अस्तर टाचेपाशी दबलेलं. "एकदा तरी घातलेत," मी म्हटलं, "आणि डांबरावर नव्हे, मातीत. शिवण मात्र मुळातच कच्ची आहे. दोघांचीही चूक आहे." तो खूश झाला, ते मला दिसलं.

मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहेर बसलेत ते तुमचे साहेब ना? एकाच कंपनीचे दोन अर्ज आलेत. माणूस कसा आहे?"

मला म्हणता आलं असतं, चांगले आहेत. म्हणता आलं असतं, मला सांगणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, "कामात हुशार आहेत. पण सकाळी कामगारांना सांगतात कंपनी कुठं जात नाही, आणि स्वतः बायोडाटा छापून फिरतात."

बाहेर आले तेव्हा सर आत जायला उठले होते. "झालं का भाच्याचं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज साधाच होता. मला तो खोचक वाटला.

पुढचे दिवस वाईट गेले. गोदामाकडून काही कळेना. एक दिवस आमच्या ऑफिसात फोन घेणारी मुलगी जेवणाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची चौकशी करायला कुठल्यातरी गोदामातनं फोन आला होता. सरांनी घेतला. दार लावून बोलत होते."

मग मला शंकाच उरली नाही. माझं काम झालं तर त्यांचं जाणार, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला चांगलंच ठाऊक होतं, कारण मी ते करून आले होते. सर समोरून आले की मी रोलवर वाकायची. एकदा ते थांबून म्हणाले, "तब्येत बरी आहे ना, मॅडम?" मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "वर तोंड करून तब्येत विचारतात."

"त्यांनी काय केलंय ते तुला ठावं हाय का?" त्यांनी विचारलं.

"केलंच असणार."

 सासूबाईंपेक्षाही मी संशयी झाले होते.

आणि एका शनिवारी गोदामाचं पत्र आलं. जागा मला मिळाली होती. नवरा पेढे आणायला धावला आणि मी खिडकीशी जाऊन पत्रावरचा शिक्का भिंगातून बघत बसले. सोमवारी गोदामाच्या वॉचमनकडून खात्री करून घेतली, मगच राजीनामा दिला. सरांनी तो वाचला, सही केली, म्हणाले, "छान झालं." महिन्याभरात कंपनी खरंच बंद झाली. मशीन बाहेर काढायला शटरच्या बाजूची भिंत पाडावी लागली, असं जुन्या लोकांकडून कळलं. सर्वांची कागदपत्रं हातात पडेपर्यंत सर रोज येऊन बसत होते, हेही कळलं. मी ते ऐकलं आणि विषय बदलला.

नवं काम सोपं नव्हतं. माझ्या हाताखालची पोरं विशीतली, बोटं की-बोर्डवर पळायची. स्कॅनर कसा धरायचा हे मला एका पोरीनं तीनदा दाखवलं, चौथ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून मी घरी टॉर्च धरून हाताला वळण लावलं. पहिल्या दोन आठवड्यांत मी जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला खोटं ठरवलं. माझी मुलाखत घेतलेला तो तरुण आता माझा साहेब होता. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तान्ह्या बाळाचा स्वेटर होता. मी त्यावर 'वापरलेला' असा शेरा मारला होता, कारण त्याला घरचा वास येत होता.

"मॅडम, यावर ना डाग आहे ना धागा निघालाय. घरी चार दिवस राहिला की वास लागतोच. बाळाला लहान झाला असेल, इतकंच. सगळेच लोक फसवायला बसलेले नसतात."

मी शेरा खोडला. त्या दिवसापासून शिकत गेले, पण वेळ लागला.

वर्षभरानंतर कोंडाण्याला नात्यातल्या बारशाला गेले होते. गावाबाहेर, लेण्यांच्या वाटेच्या तोंडाशी मुंबईच्या गाड्या लागलेल्या. डोक्याला टोपी घातलेला एक काळवंडलेला माणूस पोरांकडून वहीत नावं लिहून घेत होता. "वर पाणी मिळत नाही, बाटल्या भरून घ्या," असं सांगत होता. आवाजावरून ओळखलं. सर होते. कोणाच्या तरी शेतावर तंबू टाकून पर्यटकांची सोय करायचं काम त्यांनी घेतलं होतं.

टपरीवर चहा घेतला. त्यांनी माझं काम विचारलं, मी त्यांचं. "इथं कोणी सर म्हणत नाही," ते हसून म्हणाले. "सगळ्यांचा काका झालोय."

मला तिथं बसवेना. शेवटी मी म्हटलं, "सर, मुलाखतीत त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं होतं. मी चांगलं बोलले नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"त्यांनीच फोनवर सांगितलं. म्हणाले, तुमच्या मॅडम असं असं म्हणाल्या, खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे."

चहाचा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. "आणि माझ्याबद्दल?"

"म्हटलं, जे दिसलं ते साहेबाच्या तोंडावर असलं तरी सांगणारी बाई आहे. असल्या कामाला तीच घ्या."

"तोंडावर कुठं? मागून सांगितलं मी."

"हां, ते खरं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कंपनी जाणार हे मला ठाऊक होतं. मालकानं बजावलं होतं, आधी फुटलं तर ऑर्डरी जातील आणि लोकांचं देणं अडकेल. म्हणून तसं बोलायचो. बरं केलं की वाईट, मला अजून कळत नाही."

तेवढ्यात पोरांनी त्यांना हाक मारली. ते वही घेऊन उठले, मला म्हणाले, "घरी सगळ्यांना नमस्कार सांगा," आणि गेले.

मला वाटलं होतं, कबुली दिली की हलकं वाटेल. झालं उलटंच. परतीच्या वाटेवर रिक्षात बसल्या बसल्या मनात आलं, हा माणूस आपल्याला आयुष्यभर लाजवण्यासाठी तर हे सांगत नाही? फोनवर खरंच असं बोलले असतील? दुसऱ्या दिवशी न राहवून मी साहेबाला विचारलं, त्या फोनवर आमचे सर काय म्हणाले होते. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. "मॅडम, इतके फोन होतात, कोण काय म्हणालं ते कुठं लक्षात राहतं?" असं म्हणून तो स्क्रीनकडे वळला.

मागच्या दिवाळीत परत आलेलं खोकं नंबरासकट आठवणारा माणूस तो. पण मी पुन्हा विचारलं नाही.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? खरं बोलले असतील."

मी सरांवर विश्वास ठेवायचं ठरवलंय. तो बसलाय की नाही, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.