मुद्दाम सोडलेले टाके

मागच्या नाताळाआधी आमच्या चर्चमध्ये एका स्वेटरमुळे प्रार्थना झाली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, परीक्षेला बसलेल्यांसाठी होते, पाऊस लांबला की पावसासाठीही होते. स्वेटरमुळे झालेली ही पहिलीच, आणि तो स्वेटर मी विणलेला होता.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे किती उंचावरून पडले ते कळेल. मी केडगावात राहते. तीस वर्षं शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झाले. आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी. एखादीचा एक टाका जरी सुटला तरी मी तिचा अख्खा स्वेटर उसवून लोकरीचा गुंडा तिच्या हातात ठेवायचे. ("पुन्हा घाल टाके!" हे माझं वाक्य आठवून काहींना अजून घाम फुटतो म्हणे.) स्वयंपाकात मी चुकते, माणसं ओळखण्यात तर हमखास चुकते, पण विणकामात चुकत नाही. एवढी एकच गोष्ट मला स्वतःबद्दल पक्की ठाऊक होती.

अशात माझी लेक प्रेरणा पुण्याहून आली. ती तिथे कपड्यांचं डिझाइन शिकते. आल्या आल्या तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"आई, असा मोहेरचा, म्हणजे केसाळ लोकरीचा स्वेटर हवाय. सोमवारी कॉलेजात दाखवायचाय. आणि उरलेल्या लोकरीतूनच विणायचा, नवी आणायची नाही."

फोटोत एक पोरगा होता. केस तारेच्या ब्रशसारखे उभे, अंगात काळ्या-लाल पट्ट्यांचा केसाळ स्वेटर, बाह्या बोटांच्याही खाली लोंबतायत आणि छातीपोटावर टाके सुटून मोठमोठी भोकं पडलेली.

"उंदरांनी खाल्लाय का गं हा?"

"आई! पंक आहे ते!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बंड. सगळ्यांविरुद्ध."

"मग आईकडून कशाला विणून घेतेस?"

यावर ती हिरमुसली. आणि ही पोरगी हिरमुसली की माझं काही चालत नाही.

ट्रंक उघडली. तीस वर्षांचे उरलेले गोळे! तळाशी मोहेरही सापडली. मुख्याध्यापिकाबाईंच्या शालीतली जांभळी, कुणाच्या बाळंतविड्यातली गुलाबी, माझ्या एका जुन्या स्टोलची काळी. बसले विणायला. पहिला टाका मुद्दाम सोडताना खोटी साक्ष देतेय असं वाटलं हो! तिसऱ्या भोकापासून मात्र मजा यायला लागली. जन्मभर जे करायचं नाही म्हणून पोरींना धाक घातला, ते मी गालातल्या गालात हसत करत होते.

आता गोंधळ कसा झाला ते ऐका. दर नाताळाला आमचं मंडळ उरलेल्या लोकरीचे स्वेटर-टोप्या विणून देवळाली प्रवरेकडे ऊसतोडीला आलेल्यांच्या लेकरांना वाटतं. प्रत्येकीने घरी विणायचं आणि एस्तेरकडे नेऊन द्यायचं. एस्तेर म्हणजे मंडळाची अध्यक्ष, माझीच विद्यार्थिनी. माहेर देवळालीचं, त्यामुळे बोलणं अजून तिकडचंच. गुरुवारी मी तिला पिशवी देऊन आले. शुक्रवारी प्रेरणाने घरातली पिशवी उघडली तर आत लहान पोरांच्या सात टोप्या!

"आई, माझं बंड कुठंय?"

मी ताबडतोब एस्तेरला फोन लावला. "अगं, त्या पिशवीत चुकून एक स्वेटर आलाय. भोकांचा..."

"बाई, समजलंय आमाला," ती इतक्या हळुवार बोलली, जणू मी अंथरुणाला खिळलेय. "तुमी डोक्याला तरास करून घेऊ नका. रविवारी चर्चमधी आनते." आणि फोन ठेवला.

रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या वाचायला घेतल्या. "आपल्या रूथबाईंच्या दृष्टीसाठी आणि त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी..." मीही भक्तिभावाने डोळे मिटले. बिचारी, काय झालं असेल तिला! (आमच्या मंडळीत दुसरी रूथबाई नाही, हे माझ्या 'आमेन'नंतर लक्षात आलं.)

उपासना संपल्यावर एस्तेर आणि तिच्या तिघी मैत्रिणी पिशवी घेऊन आल्या. प्रेरणाने स्वेटर बाहेर काढला. सगळी भोकं बुजवलेली! लांब बाह्या आत दुमडून त्यांना कफ लावलेले! आणि छातीवर, जिथे सगळ्यात मोठं भोक होतं, तिथे पिवळं बदक विणलेलं!

"अगं, ती भोकं मी मुद्दाम पाडली होती!" मी ओरडले.

"व्हय बाई, व्हय," चौघींनी एकदम माना डोलावल्या आणि एकमेकींकडे पाहिलं.

"प्रेरणा, फोटो दाखव यांना!"

एस्तेरने फोटो बराच वेळ न्याहाळला. "ह्या लेकराला आई न्हाई का वं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मुद्दाम किती पाडली हुती?"

"सात! मोजून सात!"

"आमी अकरा बुजवली."

मी प्रेरणाकडे पाहिलं. ती स्वेटरकडे बघत होती. मी विचारलं, "आणि टोप्या? याआधीच्या?"

एस्तेरने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन वर्सं झाली बाई. तुमचं सामान आलं की आमी चौघी बसतो आन् सुटलेलं टाकं उचलतो. लई न्हाई हो, थोडंच असतंय."

मला खरंच फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत इतरांच्या विणकामात खोड्या काढत होते, आणि या बायका तोंडातून अवाक्षर न काढता ऐकून घेत होत्या. राग आला, लाज वाटली. रागाला जागा हवी म्हणून मी एस्तेरवरच घसरले. "मग उसवून माझ्या हातात का नाही दिलंत? मी देत होते ना तुम्हाला!"

"तुमी उसवायचा तवा मी घरी जाऊन रडायची बाई," ती म्हणाली. "तुमाला कसं रडवायचं?"

मग रडलेच मी. चर्चच्या आवारात, भर उन्हात, सगळ्यांसमोर. एस्तेरने मला पोटाशी धरलं आणि मी तिला, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, 'चुकलं गं माझं' म्हटलं.

पण प्रेरणाची पुण्याची बस चारची होती! चौघी माझ्या घरी आल्या आणि आपणच बुजवलेली भोकं पुन्हा उसवायला बसल्या. "ह्यो धर्म हाय का पाप, देवालाच ठावं," असं पुटपुटत एस्तेरने कात्री चालवली. बाह्या खाली आल्या. "सातच नाही, सगळी उघडा," प्रेरणा म्हणाली, "आईची चार सगळ्यात भारी आहेत." बदकाला मात्र तिने हात लावू दिला नाही.

सोमवारी तो स्वेटर कॉलेजात म्हणे गाजला. इकडे नाताळ झाल्यावर एस्तेर मला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि जग एवढं लख्ख दिसायला लागलं की मला आधी माझ्या घरातल्या जळमटांचीच लाज वाटली.

प्रेरणाच्या मैत्रिणींनाही तसेच स्वेटर हवे होते. मी हौसेने ट्रंक रिकामी केली, टाका न् टाका डोळ्यांनी पाहत, भोकं मोजूनमापून पाडली आणि पार्सल पाठवलं. दोन दिवसांनी लेकीचा फोन.

"आई, छान झालेत गं. पण यात ती मजा नाही."

"का? भोकं कमी पडली?"

"नाही गं, भोकं बरोबर आहेत," ती चाचरत म्हणाली. "पण पुढच्या वेळी... डोळे मिटून विणशील का?"