टॉर्चबाई आणि मंगळवारचा निरोप

सोलापूरच्या उन्हाचं मी काही वाढवून सांगत नाही. आमच्या गल्लीत पत्र्यावर टाकलेली भाकरी उलटायच्या आत कडक होते आणि कावळेसुद्धा सावली बघून पायी चालतात. अशा भर दुपारी एक बाई हातात पेटता टॉर्च घेऊन फिरायची. पहिल्या दिवशी निम्म्या गल्लीला वाटलं, बाईला ऊन लागलंय. उरलेल्या निम्म्या गल्लीला तशी खात्रीच होती.

टॉर्चबाई डॉक्टर होत्या, पण गोळ्या देणाऱ्या नव्हेत. साथ कुठून येते, कुणाला गाठते आणि कुणाला सोडते, याचा माग काढणाऱ्या. डेंग्यूच्या अभ्यासाला आमच्या भागात आल्या आणि घरं दाखवायला त्यांनी मला सोबत घेतलं. माझा चादरी विणायचा माग तेव्हा बंद पडला होता, तोंड तेवढं चालू होतं.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. बाई वाकून पिंपात टॉर्च मारायच्या आणि डासाच्या अळ्या शोधायच्या. कुणी चहा घ्या म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "चहा नंतर. आधी पिंप."

त्यांची दुसरी सवय जास्त वाईट. काही विचारलं की हसून म्हणायच्या, "मला कळत नाही." डॉक्टरनं असं म्हणायचं असतं का? आमच्याकडं पानवालासुद्धा कधी असं म्हणत नाही.

आणि खरंच कळत नव्हतं. आमच्या गल्लीत एकाही पिंपात अळी नाही आणि ताप तर पळालाच. रस्त्यापलीकडच्या गल्लीत मात्र पिंपापिंपांत अळ्या वळवळतायत आणि घराआड एक तापानं पडलेला. पाणी तेच, ऊन तेच, माणसं तीच. बाईंनी कडुलिंबाची झाडं मोजली, गटारं पाहिली. शेवटी आमच्या गल्लीत बायका विड्या वळतात, ते पाहून तंबाखूचा वास हुंगत बसल्या.

"भाऊ, या वासानं डास पळत असतील का हो?"

"पळतील की," मी म्हणालो. "आमचे पाहुणेपण पळतात."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खरी गोष्ट मात्र मला ठाऊक होती. बाईंची फेरी बुधवारी असायची. मंगळवारी मी आमच्या गल्लीत दारोदार सांगायचो, "उद्या बाई येणारेत, जरा आवरून ठेवा." आठवड्यातून एकदा पिंपं रिकामी करा, कोरडा दिवस पाळा म्हणून महापालिकेची गाडी भोंग्यावर वर्षभर ओरडली, तेव्हा कुणी हललं नव्हतं. पण घरी पाहुणी येणार आणि पिंपात डोकावणार म्हटल्यावर बायका पिंपं पालथी घालून नारळाच्या शेंडीनं अशी घासायच्या, की नवरदेव त्यात बघून फेटा बांधेल. पलीकडच्या गल्लीला मी सांगत नव्हतो. गणपतीच्या मिरवणुकीत पुढं कोण, यावरनं आमचं त्यांच्याशी जुनं वाकडं होतं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या लक्ष्मीअक्काला डेंग्यूनं दवाखान्यात टाकलं. रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या. माझा माग बंद पडला तेव्हा याच अक्कानं महिनाभर माझ्या घरी आमटीचं पातेलं पाठवलं होतं. बाई तंबाखूचा अहवाल लिहायला बसल्या होत्या. मी दारात उभा राहिलो.

"मॅडम, तंबाखूचं खोडा. मंगळवारी मी गल्लीत सांगतो, तुम्ही येणार म्हणून. बायका पिंपं घासतात."

"दर मंगळवारी?"

"व्हय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातला टॉर्च उगाच चालू-बंद करत राहिल्या. मग विचारलं, "पलीकडे का नाही सांगितलंत?"

शंभर थापा मला तोंडपाठ, पण खरं तेच सांगितलं, "गणपतीच्या मिरवणुकीवरनं."

बाईंनी तंबाखूचं पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं, की हा अभ्यास आमच्याच माणसामुळे बिघडला. माझं नाव लिहिलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, इतके महिने मी पिंपात शोधत होते. या मंगळवारपासून दोन्ही गल्ल्यांत सांगा."

अक्का वाचली. दोन आठवड्यांनी घरी आली, काडीसारखी होऊन. बाईंचं काम संपलं, त्या दुसऱ्या शहरात गेल्या. जाताना टॉर्च मला दिला.

त्याला काही वर्षं झाली. मी अजून दर मंगळवारी दोन्ही गल्ल्यांत सांगतो, "उद्या बाई येणारेत." हे खोटं बोलणं की आरोग्याचं काम, माझं मलाच ठरवता येत नाही.

परवा अक्कानं दारातच अडवलं. "किती वर्सं उद्या उद्या करतोस रे? येनार हाय का न्हाय ती बाई?"

"मला कळत नाही, अक्का," मी म्हणालो.

"काय मानूस हाय," अक्का म्हणाली आणि पिंप पालथं घालायला आत वळली.