देव्हाऱ्यातली कॅसेट

शिरूर कासारच्या पेठेत गहिनीनाथचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड नंतर शोधायचा, आधी गिऱ्हाइकाला टोमणा मारायचा, ही त्याची रीत. आमच्यासारख्या शेजारच्या दुकानदारांची तेवढीच फुकट करमणूक. पण पंधरा दिवस झाले, गडी गप्प आहे.

वीस वर्षांमागं वच्छलाबाई त्याच्याकडं व्हिडिओ कॅसेट घेऊन आली होती. तिचा नवरा हरिबा मेंढरं राखायचा. नारायणगडाच्या जत्रेत एका अमेरिकन पाहुण्यानं त्याला गाताना टिपलं आणि कॅसेट पोस्टानं धाडली. ती येईतो हरिबा वारला. घरात त्याचा साधा फोटोही नव्हता. गहिनीनाथनं कॅसेट लावली, तर पडद्यावर काळेपांढरे पट्टे आणि रेड्यासारखा जाड आवाज.

"खराब हाय, मावशी. आता देव्हाऱ्यात ठिवा अन् पूजा करा हिची."

दुकानातले हसले म्हणे.

कॅसेट खराब नव्हतीच. तिकडची टेप एनटीएससी पद्धतीची, त्याचं मशीन आपल्याकडच्या पाल पद्धतीचं. ते तिकडची टेप हळू ओढायचं, म्हणून आवाज जाड. हे त्याला कळलं गेल्या महिन्यात, भंगारात दोन्ही पद्धती चालवणारं मशीन हाती लागलं तेव्हा. त्याच दिवशी तो वच्छलाबाईच्या घरी गेला.

कॅसेट देव्हाऱ्यात होती. दर दसऱ्याला तिच्यावर ओलं हळदकुंकू वाहिलेलं. फटींतून ते थेट टेपेपर्यंत उतरलं होतं.

"हे कशापायी लावलं, मावशी?"

"तूच तर म्हनला होता, पूजा करा."

तीन दिवस तो कापसानं टेप पुसत होता. मग तिला दुकानात बोलावून कॅसेट लावली. पडद्यावर गडाची पायरी आली, लाल फेटा आला. हरिबानं तोंड उघडलं आणि एक ओळ गायली. तेवढ्यात टेप चिकटली, मशीननं ओढली, तुकडे झाले.

"बारीकच आवाज हुता त्यांचा," वच्छलाबाई म्हणाली. "लई बारीक."

आता ती रोज येऊन दुकानाच्या पायरीवर बसते. गहिनीनाथ भिंग लावून तुकडे जोडतो.

"म्या कुंकू लावायला नको हुतं, न्हाई का रे?" ती विचारते.

तो भिंगाखाली पुढचा तुकडा ओढतो. काल मी माझा टीव्ही नेला. तो पाहून त्याला चार टोमणे सहज सुचले असते. त्यानं मुकाट्यानं स्क्रू सोडवायला घेतले.