पेटीतली डायरी आणि माझी वही

मी सातवीपर्यंत शिकले, तेही शेवटचा निकाल आणायला गेलेच नाही. वीस वर्षांची होऊन इंग्लंडात लीड्सला आले तेव्हा इंग्रजी म्हणजे मला नुसती अक्षरं यायची, चार रेघी वहीत बाईंनी गिरवून घेतलेली, जोडून लिहायची ती. शब्द यायचे नाहीत. दुकानात काही विचारलं की मी मान हलवायची, हो का नाही ते त्यांनीच ठरवायचं.

मुलगी झाली सत्त्याऐंशी साली. पहिले सहा महिने छान होती, गुटगुटीत, क्लिनिकमध्ये काट्यावर ठेवली की नर्स हसायची. मग काय झालं कळेना. पोट फुगायला लागलं, हातपाय काड्या, शी पातळ, नॅपी बदलून होत नाही तोवर दुसरी, आणि सारखी किरकिर. वजनाच्या कार्डावरची रेघ वर जाता जाता आडवी झाली आणि मग चक्क खाली. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळं तपासायला येणारी सरकारी नर्स, घरी यायची, तशी चांगली होती, पण मला तिच्या बुटांच्या आवाजाचीसुद्धा भीती वाटायची. शेजारच्या बाईनं मला सांगून ठेवलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर कौन्सिलवाले, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची माणसं, येतात आणि मूल घेऊन जातात, तिच्या ओळखीत एकीचं नेलं. खरं का खोटं, मी कुणाला विचारणार? हे दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात. मी दाराला कडी लावून बसायची.

आता जे मी केलं ते सांगते. आईनं येणाऱ्याबरोबर गव्हाच्या सत्त्वाचा डबा पाठवला होता. आमच्याकडे बाळाला दुसरं काय देतात? तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, वाळवायचा. आईनं कामावरून येऊन रोज रात्री ते केलं असणार. सहा महिन्यांची झाल्यापासून मी ते दुधात शिजवून लेकीला भरवायची. एकदा हेल्थ व्हिजिटरनं वाटी बघितली, हे काय म्हणून विचारलं, आणि तिच्या भुवया अशा काही वर गेल्या की माझ्या तोंडून निघालं, "बेबी राइस," दुकानात बाळांसाठी तांदळाची पावडर मिळते ती. तिथनं सुरू झालं. डबा मी सिंकखाली कपडे धुवायच्या पावडरच्या खोक्यामागे ठेवला. तिनं सांगितलं, रोज काय भरवतेस ते सगळं एका वहीत लिही. मी लिहिलं. बेबी राइस, गाजर, बेबी राइस, केळं. सहा आठवडे मी ती वही लिहिली आणि सहा आठवडे त्यात सत्त्व नव्हतं.

इंग्रजी शिकायला कौन्सिलनं मला एका बाईंकडे पाठवलं होतं, दर गुरुवारी, फुकट. मी त्यांना मॅडम म्हणायची. पंच्याहत्तरीच्या, अमेरिकेतल्या, लीड्सच्या माणसाशी लग्न करून इथे आलेल्या आणि आता एकट्या. लीड्सला सगळे मला 'लव्ह' म्हणायचे, ह्या 'हनी' म्हणायच्या. डोळे जवळजवळ गेलेले, मधोमध सगळं पुसल्यासारखं दिसायचं त्यांना, कडेचं तेवढं दिसायचं. माझ्याकडे बघायचं तर दाराकडे तोंड करून बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं रागावल्यात.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक पेटी होती. त्यात त्यांच्या पणजोबांच्या घरातली पत्रं आणि डायऱ्या. पणजोबा अमेरिकेत पुस्तकं छापायचे, खाली छापखाना, वर घर. तिकडच्या एका लायब्ररीला त्या सगळ्याच्या टाइप केलेल्या प्रती हव्या होत्या आणि मॅडमना अक्षर दिसत नव्हतं. टाइप मात्र त्या न बघता करायच्या, धडाधड. एक दिवस त्यांनी एक पत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ह्यात काही वाचता येतं का बघ. कागद बघितला तर कुणी कोळ्याचं जाळं विणल्यासारखं. नीट बघितलं तेव्हा कळलं, पान भरल्यावर कागद आडवा करून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलंय, दुसरा कागद नको आणि टपालाचं वजन नको म्हणून. मला हसूच आलं. आमचं एरोग्राम दुसरं काय असतं? आई कडांवरून, घडीवर, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा लिहिते, मी ते निळं पत्र गोल फिरवून फिरवून वाचते. मी मॅडमचा कागद तसाच फिरवला आणि एकेक अक्षर म्हणत गेले. अक्षर तर माझ्या चार रेघी वहीतलंच होतं, जोडलेलं, तिरकं. शब्द कुठला होतोय मला माहीत नाही. मी म्हणायची, मॅडमची बोटं चालायची, आणि शब्द त्यांना कळायचा.

त्या म्हणाल्या, त्यांच्या पुतण्यानं आधी करून बघितलं होतं, पण त्याला इंग्रजी येतं म्हणून तो अंदाजानं वाचतो. "तुला येत नाही, म्हणून तू जे आहे तेच वाचतेस," म्हणाल्या. मला इंग्रजी न येण्याबद्दल शाबासकी मिळाली ती तेवढीच.

मग तोच माझा धडा झाला. लेक प्रॅममध्ये, मी खिडकीशी, मॅडम टाइपरायटरवर. पान झालं की त्या मला सोप्या इंग्रजीत, हातवारे करून सांगायच्या त्यात काय होतं ते. मी त्या घरात गुंतत गेले. काय माणसं होती ती. पणजोबा गावोगाव शाळेची पुस्तकं विकत फिरायचे आणि रोज पत्र, भूगोलाची पुस्तकं किती खपली, खाणावळीतलं मटण कसं होतं, धाकटीचा दात आला का. मुलं जेवणाच्या टेबलावर छापलेले कागद घड्या घालायची, ज्याची घडी वाकडी त्याला शेवटी जेवण. एक लेखक जेवायला यायचा तो 'पाय' म्हणून फळं भरलेला गोड पदार्थ असायचा तो अख्खा संपवून जायचा आणि पुस्तक काही लिहून द्यायचा नाही, ह्यावर थोरल्या मुलीनं डायरीत असा टोमणा मारलाय की मॅडम टाइप करता करता थांबून हसायच्या.

पण मला आवडायची ती पणजी. पाच मुलं, वर स्वयंपाक, आणि छापायच्या आधीचे कागद तपासायचं काम तिचं. चूक दिसली की ओळीत छोटी खूण करायची आणि बरोबर काय ते कडेला समासात लिहायचं. तापानं फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन ती हे करायची. एवढी शिकलेली बाई, दिव्याला तेल किती उरलंय तेही लिहायची. तिची डायरी म्हणजे तळहाताएवढी, रोजची एक ओळ. आज पाऊस. आज अमक्याचे कागद आले. आज हात पोळला. मला वाटायचं ही आपल्याच चाळीतली कुणी आहे.

एका गुरुवारी आम्ही त्या डायरीतल्या अशा पानांवर आलो की तिची सगळ्यात धाकटी आजारी होती. मी अक्षरं म्हणतेय, मॅडम टाइप करतायत. मूल फार झोपतं. मूल दूध घेत नाही. डॉक्टर आले, कारण कळत नाही म्हणाले. असे आठ-दहा दिवस. मी म्हटलं, मॅडम, कडेला पण काहीतरी आहे, पेन्सिलनं. ओळीत तीच छोटी खूण आणि समासात बारीक अक्षर. मी ते पण म्हटलं, एकेक.

मॅडमची बोटं थांबली. मग त्यांनी मला समजावलं. तेव्हा बाळांना गप्प झोपवायला बाटलीतलं एक गोड औषध मिळायचं, त्यात अफू. पणजीला छापखान्याच्या घाईत ते मूल रडायला नको होतं, म्हणून तिनं चमचा-चमचा दिलं, आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा नाही म्हणाली. मग काही दिवसांनी तिनं डायरीचं प्रत्येक पान मागे जाऊन काढलं, जिथे जिथे लपवलं होतं तिथे खूण केली आणि कडेला लिहिलं, आज एक चमचा, आज दोन. छापायच्या कागदातली चूक सुधारतात तशी. आणि ती डायरी उचलून डॉक्टरला नेऊन दाखवली.

मी विचारलं, मग ते बाळ? मॅडम म्हणाल्या, "ते बाळ माझी आजी. ब्याऐंशी वर्षं जगली आणि कायम तिला लवकर उठायची खोड होती."

मला काही हसू आलं नाही. माझी लेक प्रॅममध्ये झोपली होती, बारीक मानेची. मी म्हटलं, "मॅडम, माझी वही खोटी आहे."

त्या दाराकडे तोंड करून माझ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं आता ह्या कौन्सिलला फोन करणार. त्या म्हणाल्या, "कुठल्या पानापासून?"

मी म्हटलं पहिल्यापासून.

"मग पेन्सिल घे, हनी. पहिल्या पानापासून."

मी वही काढली, पिशवीतच असायची. बेबी राइस लिहिलं होतं त्यापुढे खूण केली आणि कडेला मराठीत लिहिलं, सत्त्व, सकाळी तीन चमचे. दुसरं पान, तीन चमचे. आठवत होतं सगळं, भरवणारीला आठवतं. तिसऱ्या आठवड्यात क्लिनिकनं वजन उतरलं म्हणून सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून कडेला सहा चमचे. पुढच्या वजनानंतर दिवसातून तीनदा. ती जितकी सुकत गेली तितकं मी ताकद यावी म्हणून वाढवत गेले, हे मी तोवर बघितलंच नव्हतं. सगळं एकाखाली एक आलं तेव्हा दिसलं. मग मॅडमनी नवा कागद लावला, विचारलं सत्त्व कशाचं, मी म्हटलं गव्हाचं, तो एक शब्द मला पिठाच्या पिशवीवरून इंग्रजीत येत होता. मी सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या, एका बाजूला मी लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला खरं.

सोमवारी हॉस्पिटलला बोलावलं होतं. ह्यांनी अर्धी सुट्टी काढली. बसमध्ये मी ते कागद ह्यांच्या हातात दिले, तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. ह्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "निदान मला तरी सांगायचंस."

"अहो, तुम्ही त्या हेल्थ व्हिजिटरला सांगून टाकलं असतंत."

"टाकलं असतंच की," म्हणाले आणि लेकीची टोपी नीट करत बसले.

लहान मुलांच्या डॉक्टरसमोर हेल्थ व्हिजिटर पण बसली होती. मी कागद ठेवले, पिशवीतून डबा काढून ठेवला, आणि वहीसुद्धा, म्हणजे खोटंही दिसू दे. लेकीला ह्यांच्याकडे दिलं. डॉक्टरांनी ते सावकाश वाचलं, बोट ठेवून, मग वजनाचं कार्ड शेजारी धरलं, सत्त्व कधीपासून देतेस ते विचारलं, आणि एका जागी पेनानं रेघ मारली, जिथे ते सुरू झालं तिथे. म्हणाले, काही मुलांना गहू सोसत नाही, अजिबात, तपासणी करून नक्की कळेल, पण आजपासून गव्हाचा कणही नको. मी वाट बघत होते की आता ती दुसरी गोष्ट सांगतील, मूल घेऊन जायची. कुणी सांगितली नाही. हेल्थ व्हिजिटर एवढंच म्हणाली की तिनं त्या दिवशी वाटीबद्दल नीट विचारायला हवं होतं. मग तिनं विचारलं, हे असं कडेला लिहून आणायला कुणी सांगितलं.

मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका बाईनं.

"कुठे राहते ती?"

"पेटीत," मी म्हटलं. ह्यांनी कपाळावर हात मारला.

तपासणीत तेच निघालं. गहू बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात लेक पहिल्यांदा पोट भरून हसली, आणि कार्डावरची रेघ वळली.

राहिलं आईला सांगायचं. तीन दिवस भिजवलेले गहू आणि तिचे हात डोळ्यांपुढे यायचे. मी एरोग्राम घेतलं, सगळी खुशाली लिहिली, पान संपलं, आणि मग कडेला, उभं, बारीक अक्षरात लिहिलं की आई, सत्त्वानं तिला त्रास झाला, गहू तिला चालतच नाही, आणि मी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. महिनाभर उत्तर नाही. मग कुणाबरोबर तरी तसलाच डबा आला. उघडला तर आत लालसर पावडर. आईनं झाकणावर चिकटपट्टी लावून वर पेनानं लिहिलं होतं, नाचणीचं आहे, डॉक्टरना दाखवून मग दे.

मी पुढच्या क्लिनिकला तो डबा घेऊन गेले.